झाकण

चार लिटरचा डबा, त्यावर पत्र्याचं झाकण.
अंगठ्याने बसवायचं, मग तळहाताच्या टाचेने,
करंगळीकडच्या, जिथे मांस जाड असतं,
एक ठोका. दुसरा समोरच्या कडेला. झालं.
पुढचा डबा.
रबरी हातोडी होती. पण हातोडी उचला, ठेवा, शोधा,
एवढ्यात दोन डबे मागे पडायचे,
आणि पट्टा कुणासाठी थांबत नाही.
महापे, शेड नंबर नऊ, अकरा वर्षं.
किती लोकांच्या भिंती माझ्या हाताखालून गेल्या
मोजल्या नाहीत.

आधी करंगळी झोपली.
म्हटलं झोपू दे, तिला काम तरी काय,
शाळेत बाईंना दाखवण्यापुरती ती.
मग शेजारच्या बोटाची अर्धी बाजू,
अगदी उभी चिरल्यासारखी अर्धी:
करंगळीकडची मुकी, मधल्या बोटाकडची शहाणी.
कालिंदी म्हणाली, दृष्ट लागली.
भोपीसाहेब म्हणाले, व्हिटॅमिन.
मी दोन्ही केलं.
मीठ-मोहऱ्या उतरवल्या, लाल गोळ्या खाल्ल्या,
आणि एका संध्याकाळी घराचं कुलूप उघडेना.
किल्ली तीच, कुलूप तेच.
चिमटीतला जोर तेवढा कुठेतरी सांडला होता.

वाशीला डॉक्टर पिंपुटकरांनी एक कागद दिला.
अंगठा आणि पहिलं बोट, यात धरा, घट्ट.
आणि ओढला.
मी धरला होता. शपथेवर सांगते, धरला होता.
अंगठा मधूनच वाकला, म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखा,
आणि कागद गेला.
पगाराची पावती असती तरी गेली असती.
मग कापूस हाताच्या पाठीवरून फिरवला. कळतंय?
कळतंय.
तोच कापूस पुढून, करंगळीच्या पेरावर. कळतंय?
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
"म्हणजे कोपर नाही, मनगट," ते स्वतःशीच बोलले.

पाकिटाच्या मागे चित्र काढून दाखवलं:
इकडे वाटाण्याएवढं हाड, तिकडे आकड्यासारखं,
मधून बोगदा, बोगद्यातून नस.
साहेब, मी दिघ्याची, म्हटलं.
पारसिकच्या पायथ्याशी वाढले,
आबा खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचे.
डोंगराला वरून ठोकत राहिलं
तर आतून जाणाऱ्याचं काय होतं
हे मला चित्र काढून नका सांगू.
ते हसले. मग सोनोग्राफीत
त्याच बोगद्यात एक पाण्याची गाठही निघाली,
हरभऱ्याएवढी, भाडं न देता राहिलेली.

विजेचे चटके देऊन नसेचा वेग मोजला.
सहा आठवडे पट्टी. मनगट सरळ. ठोकणं बंद.
ठोकणं बंद म्हणजे काय, ते विचारलं नाही मी.
ज्यांचं पोट हातावर आहे
त्यांनी हात कुठे ठेवायचा, तेही नाही.
सहाचे आठ झाले. भाकरी उलटताना
तव्याची कड करंगळीला लागली
आणि मला वासावरून समजलं.

तेव्हा ऑपरेशन.
फक्त हात बधिर केला, मी जागी.
छत बघत होते. आमचाच रंग, मोत्या पांढरा,
तो डबा मीच बंद केलेला असू शकतो.
पडद्यापलीकडे ते कुणाला तरी सांगत होते,
बघ, हे वरचं छप्पर, एवढंच उघडायचं,
आणि गाठ काढायची मुळासकट.
एवढंच.

नस परत वाढते, रोज फार तर एक मिलिमीटर.
कालिंदीच्या पोराची पट्टी घेऊन बसले एकदा.
मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत
पावसाळा निघून जाईल.

आता मी लेबलं मोजते, डाव्या हाताने जास्त.
माझ्या जागेवर नवी मुलगी आहे, एकोणीसची,
तळहाताने असं ठोकते की बघत राहावं.
हातोडी तिच्या हाताशी नेऊन ठेवली.
"दोन डबे मागे पडतात, ताई."
पडतात. मला माहीत आहे.
हातोडी तिथेच आहे, तिच्यावर रंग वाळलाय.

करंगळीला हल्ली मुंग्या येतात,
सातच्या सुमारास, एकेक करून.
मी हात ओट्यावर पसरून ठेवते
आणि त्यांना येऊ देते.